चेंडू जिवंत असताना

युसूफभाई गेल्याची बातमी बहुतेकांना त्या शुक्रवारी मोबाइलवर मिळाली. सौदीत दम्माम, जुबैल, अबकैक… आपली माणसं जिथे जिथे आहेत तिथे ती अर्ध्या तासात पोचली असेल. मला ती कुणी कळवली नाही. मी त्यांच्यापासून वीसेक पावलांवर, मैदानाच्या कडेच्या टेबलामागे, हॉर्नच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. खोबरमधल्या एका शाळेच्या बंदिस्त मैदानात आमच्या हौशी बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना चालू होता. ते पंच होते आणि मी घड्याळ सांभाळत होते.

त्यांच्या पत्नी, सकीनाभाभी, शेजाऱ्यांच्या गाडीतून अबकैकहून हॉस्पिटलला पोचल्या तोवर डॉक्टरांचं सांगून झालं होतं. भाभी कॉरिडॉरमध्ये माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझा हात धरला. "ताई, तुम्ही समोरच होतात ना? एकदम पडले का ओ?" मी म्हणाले, "हो भाभी. एकदम." त्यांनी मान हलवली. "मग बरं. त्रास नाय झाला."

मी सांगितलं ते खरं नव्हतं. एकदम नव्हतं. मधे अकरा सेकंद होते, आणि घड्याळ माझ्याच हातात असल्यामुळे ते अकराच होते हे मला नेमकं माहीत आहे. ते सेकंद मी पाहिले आणि काही केलं नाही. युसूफभाईंबद्दल लिहायला बसायचं तर त्या अकरा सेकंदांना वळसा घालून लिहिता येणार नाही, म्हणून हे लिहायला सहा आठवडे लागले. आधी भाभींना सांगायला हवं होतं. त्याचंही पुढे येईल.

युसूफभाई मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. अबकैकच्या तेल प्रकल्पात ते चोवीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. पाइपांमधला दाब, तापमान मोजणारी यंत्रं बरोबर सांगताहेत की नाही हे तपासत फिरायचं, हे त्यांचं काम. कॉलेजात असताना ते बास्केटबॉल खेळले होते. गुडघा गेल्यावर त्यांनी शिट्टी हातात घेतली आणि इथे आल्यावरही ती सोडली नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे दिवस. या दोन दिवशी फिलिपिनो, केरळी, जॉर्डनी, आपल्याकडची मुलं, सगळ्यांचे संघ एकमेकांशी खेळतात, आणि त्यांना पंच हवे असतात. बुटकेसे, पोट थोडं सुटलेलं, करड्या शर्टाची कॉलर नेहमी इस्त्री केलेली… मैदानाबाहेर हा माणूस पंच असेल असं कुणाला वाटलं नसतं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. सात वर्षांपूर्वी माझी मुलगी ईरा शाळेच्या संघात होती. मी त्याच शाळेत ग्रंथपाल आहे, खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण मुलीचा सामना म्हणून जाऊन बसले होते. खेळ चालू असताना ईराच्या बुटाची नाडी सुटली. तिने हात वर करून पंचांना दाखवलं. पंचांनी पाहिलं आणि शिट्टी वाजवली नाही. खेळ तसाच चालू राहिला, समोरच्या मुलीने बास्केट केलं, मग कुठे त्यांनी ईराला नाडी बांधायची खूण केली. सामना संपल्यावर मी तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी सहसा असं करत नाही. मी म्हणाले, "ती नाडीवर पाय पडून आपटली असती तर?"

त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि हिंदीत सुरुवात केली, मग माझं मराठी ओळखून मराठीवर आले. "बाई, बॉल समोरच्या टीमकडे होता. त्यांची पोरगी बास्केटखाली एकटी उभी होती. तेव्हा मी शिट्टी मारली असती तर तिचा हक्काचा बास्केट गेला असता, तुमच्या मुलीच्या नाडीपायी. तुमची मुलगी धावत असती तर मारली असती. ती उभी होती. मी बघत होतो."

"तुम्ही बघत होतात, पण थांबवलं नाही."

"बघत होतो म्हणूनच नाय थांबवलं." मग पिशवीतून एक पातळ, कडा दुमडलेलं पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ग्रंथपाल आहात असं मुलगी सांगत होती. वाचा. मग परत भांडा."

पुढच्या शुक्रवारी मी ते नियमांचं पुस्तक वाचून परत केलं. सोबत एका कागदावर प्रश्न होते. ते त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत हे पुस्तक पुष्कळांना दिलं. परत करणाऱ्या तुम्ही पहिल्या." तीन आठवड्यांनी त्यांनी मला टेबलावर बसवलं. तिथे नियम माहीत असलेलं आणि न ओरडणारं माणूस लागतं, असं त्यांचं म्हणणं. ईरा बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली, तरी मी टेबलावर राहिले.

माझ्या कागदावरचा पहिला प्रश्न होता, काही तुटलं, सुटलं, बिघडलं तर खेळ नेमका केव्हा थांबवायचा? त्या एका प्रश्नावर आम्ही सात वर्षं बोलत होतो असं म्हटलं तरी चालेल. त्यांचं उत्तर वरवर सोपं होतं. कुणाला इजा होईल असं असेल तर त्याच क्षणी शिट्टी. चेंडू कुठे आहे, कोण जिंकतंय, काही बघायचं नाही. काचेचे तुकडे, रक्त, ओली जमीन, बास्केटचा सैल झालेला पोल. पण नाडी, फाटलेला शर्ट, घसरलेला हेडबँड, असल्या गोष्टींसाठी वाट बघायची. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याचा डाव पूर्ण होऊ द्यायचा. चेंडू बाहेर गेला, फाउल झाला, म्हणजे चेंडू मेला की मग. 'जिवंत चेंडू' आणि 'मेलेला चेंडू' हे त्या खेळातले साधे रोजचे शब्द आहेत, पहिल्यांदा ऐकताना मला ते विचित्र वाटले होते. पण ही नाडी आहे की हा सैल पोल आहे, हे धावता धावता अर्ध्या सेकंदात ठरवायचं, आणि ते ठरवण्याचा अधिकार फक्त शिट्टीवाल्याला… इथे मी नेहमी अडायचे. मी एकदा त्यांना म्हणाले होते, "तुमच्या प्लांटमध्ये तर धोका दिसला की झाडू मारणाराही काम थांबवू शकतो म्हणता. मग इथे का नाही?"

"कारण तिथे काम थांबलं तर काम उद्या होतं," ते म्हणाले. "इथे मुलगा हवेत उडी मारून गेलेला असतो. ती उडी परत नाय मिळत." मग म्हणाले, "तुमचंही खरं आहे, बाई. मला दोन्हीकडची भीती वाटते."

ही भीती लोकांना दिसत नसे. मला दिसायची, कारण त्या भीतीचे फोन मला यायचे. दोन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात शेवटचे काही सेकंद राहिले असताना एक फिलिपिनो मुलगा चेंडू घेऊन सुसाट निघाला होता. त्याचा संघ एका गुणाने मागे होता. तो उडी घेणार इतक्यात युसूफभाईंनी शिट्टी वाजवली. मुलगा उडाला, चेंडू बास्केटमध्ये गेला, पण शिट्टी आधी झाल्यामुळे ते बास्केट धरलं गेलं नाही. पोल चाकांचा होता, त्याच्या एका चाकाचं कुलूप सुटलेलं त्यांना दिसलं होतं. चाक बंद करून खेळ पुन्हा सुरू झाला, पण ती संधी पुन्हा आली नाही. तो संघ हरला. लोक मैदानात उतरले. त्या संघाचा माणूस रॅमन हा आमच्याकडे दुसरा पंच म्हणूनही काम करतो. तो युसूफभाईंना सगळ्यांसमोर म्हणाला की काही झालं असतं का, काहीही झालं नसतं. युसूफभाई म्हणाले, "काही झालं नाय म्हणून तू मला बोलू शकतोस, रॅमन. बोल." आणि त्याच्यापुढे हुफूफच्या खजुरांचा डबा धरला. रॅमनने खजूर घेतला नाही. पुढचे तीन महिने तो त्यांच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाईंचा फोन आला. "बाई, घड्याळात किती राहिले होते?" मी सांगितलं. दुपारी पुन्हा फोन. "तो उडाला तेव्हा की मी शिट्टी मारली तेव्हा?" संध्याकाळी, "तुम्हाला ते चाक हललेलं दिसलं होतं का ओ?" मला दिसलं नव्हतं. मी तसं सांगितलं. मग म्हणाले, "हललं होतं. मला वाटतं हललं होतं." मैदानात ज्यांचा हात एकदाही डगमगला नाही, त्यांना घरी गेल्यावर आपण काय पाहिलं याची खात्री वाटेनाशी व्हायची. मी तेव्हा त्यांना समजावायचे, नियम दाखवायचे. आता सहा आठवडे मी स्वतः तेच करते आहे, आणि समजावणारं कुणी नाही.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी त्यांचा एकच कडक नियम होता. चेंडू जिवंत असताना हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न टेबलाचा, तो चेंडू मेल्यावर. खेळ थांबवायला शिट्टी आहे. तो नियम मी एकदाच मोडला. पहिल्याच वर्षी एका खेळाडूच्या गळ्यात साखळी दिसली. साखळी, अंगठी, घड्याळ घालून खेळायला बंदी आहे. मी घाबरले आणि बटण दाबलं. सगळे थबकले, आणि एका संघाचा रंगात आलेला डाव मोडला. युसूफभाई टेबलापाशी आले. ओरडले नाहीत. दोन्ही हात टेबलावर टेकून हळूच म्हणाले, "बाई, तुमचा डोळा बरोबर होता. हात चुकला. टेबलाने वाट बघायची. मी आहे ना तिथे?" सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. मला इतकी शरम वाटली की त्यानंतर सहा वर्षांत माझं बोट एकदाही चुकलं नाही.

सामन्याआधी त्यांचा एक ठरलेला क्रम असे. दोन्ही पोलांच्या गाद्या हाताने दाबून बघायच्या, चाकांच्या कुलुपांना बुटाने एकेक लाथ घालायची, मग टेबलाशी येऊन म्हणायचं, "एकदा वाजवून दाखवा." मी हॉर्न वाजवायचे. ते कानावर हात ठेवून "ऐकू आलं" अशी खूण करायचे, दर वेळी, जणू पहिल्यांदाच. त्यांच्याजवळ चेन असलेली एक निळी कापडी पिशवी असायची. त्यात पांढऱ्या-काळ्या नाड्या, चिकटपट्ट्या, नेलकटर, एक जुना टॉवेल आणि एक छोटा पाना. वाढलेल्या नखांच्या खेळाडूंना ते टेबलाशी बोलावून स्वतः नेलकटर द्यायचे. सहा फुटी पोरं लहान मुलांसारखी वाकून नखं कापत उभी राहायची. "आईने सांगितलं नाय वाटतं," असं ते मराठीतच म्हणायचे, आणि कुणाला काही न कळूनही सगळे हसायचे.

त्या शुक्रवारी हा सगळा क्रम झाला. सामना दुपार कलतानाच्या असर नमाजानंतर सुरू झाला आणि ठरल्याप्रमाणे सूर्यास्ताच्या मगरिबला मध्यंतर आलं. अजान झाली की इथे खेळ थांबतो, त्यावर कुणाचा वाद नसतो. युसूफभाई नेहमी कोपऱ्यात जानमाज अंथरून नमाज पढायचे. त्या दिवशी त्यांनी खुर्ची मागितली आणि बसून पढले. माझ्याकडे बघून म्हणाले, "गुडघा." मी मान हलवली. नंतर त्यांनी खजुरांचा डबा सगळ्यांपुढे फिरवला, स्वतः घेतला नाही. डावा दंड चोळत होते. मी विचारलं, "काय होतंय?" म्हणाले, "हवा किती दमट आहे बघा ना." हवा दमट होतीच. मे महिन्यात खोबरला दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

तिसऱ्या सत्रात खेळ माझ्या उजवीकडच्या पोलाकडे चालला होता. युसूफभाई बास्केटखालच्या रेषेवर होते. चेंडू एका संघाच्या हातात होता, तो एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. ते चालायचे थांबले आणि त्यांनी पोलाच्या गादीवर हात ठेवला. घड्याळात चार मिनिटं छत्तीस सेकंद उरले होते. मला वाटलं, गादी सैल झाली असेल, बघताहेत. त्यांच्या बाबतीत तेच वाटणार. पण त्यांनी हात काढला नाही. शिट्टी तोंडात होती, ती वाजली नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून अर्धी उभी राहिले. माझं बोट बटणावर होतं. आणि मी चेंडूकडे बघितलं… चेंडू जिवंत होता. हे मी आज लिहिते आहे तेव्हा मला स्वतःलाच पटत नाही, पण तसंच झालं. एक माणूस डोळ्यांसमोर पोलाला टेकून घसरत होता आणि मी चेंडू मरायची वाट बघत होते. कुणीतरी चेंडू फेकला, तो समोरच्याच्या हाताला लागून बाहेर गेला. मी हॉर्न दाबला. घड्याळ चार पंचवीसवर थांबलं. तेव्हा ते जमिनीवर होते.

रॅमन सगळ्यांत आधी धावला. त्यानेच छाती दाबायला सुरुवात केली, अँब्युलन्स येईपर्यंत तो आणि त्याच्या संघाची मुलं आळीपाळीने दाबत होती. मी टेबलाशी उभी होते. माझ्या हातात गुणपत्रक होतं ते मी खाली ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जोहर नमाजानंतर दफन झालं. त्यांचा मुलगा मुंबईहून पोचला होता. नंतरचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मी नियमांचं पुस्तक पुन्हा वाचलं, शाळेच्या लायब्ररीत, दुपारच्या सुट्टीत, दार लावून. खेळाडूला इजा झाली तर काय, पंच जखमी झाला तर उरलेल्यांनी खेळ कसा पुढे न्यायचा, हे सगळं त्यात आहे. पंच स्वतः कोसळत असताना शिट्टी कुणाची, हे मला कुठे सापडलं नाही. हे शोधण्याची गरज का पडावी हेही मला कळत होतं, तरी मी शोधत होते. ईराला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू जस्ट फॉलोड द रूल. इट्स नॉट युअर फॉल्ट." तिचा हेतू चांगला होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. डॉक्टर म्हणाले होते की हृदयाचा झटका मोठा होता. अकरा सेकंदांनी फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारू शकले असते. मी विचारलं नाही. उत्तर 'हो' असेल तर काय, आणि 'नाही' असेल तर मग मी एवढी का घाबरते आहे, दोन्हींना मी तयार नव्हते.

भाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घरातच राहायचं असतं. कंपनीने तोवर क्वार्टर राहू दिलं होतं. त्यानंतर त्या रत्नागिरीला कायमच्या जाणार होत्या. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्यावर होता, त्यामुळे परत येणं नव्हतं. म्हणजे माझ्याकडे दिवस मोजके होते. दोनदा निघाले आणि दोनदा पेट्रोल पंपावरून गाडी वळवून घरी आले. तिसऱ्यांदा पोचले. अबकैकच्या आधी रस्त्याच्या कडेला पाइपांच्या रांगा लागतात. त्या बघत गाडी चालवताना मी काय बोलायचं ते मनात पाठ करत होते.

भाभींनी चहा केला. पांढरी ओढणी, हातात बांगडी नाही. थोडा वेळ मुलाबद्दल, सामानाबद्दल बोललो. फ्रिज कोण घेणार, युसूफभाईंच्या आयुष्यभराच्या इस्त्रीचं काय करायचं… "एवढी इस्त्री कशाला लागायची देव जाणे. धावून घामाघूम होणार, तरी कॉलर कडक पायजे," त्या म्हणाल्या. मी कप खाली ठेवला आणि पाठ केलेलं सगळं विसरून सांगितलं. त्यांनी मला विचारलं होतं, एकदम पडले का, आणि मी हो म्हणाले होते, ते खोटं होतं. मधे अकरा सेकंद होते. मी पाहिलं, माझं बोट बटणावर होतं, आणि मी चेंडू बाहेर जायची वाट बघितली.

भाभींनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ताई, तुम्ही अकरा सेकंद सांगताय. मी रमजानपासून बघत होते."

त्यांनी दाराबाहेरच्या जिन्याकडे हात केला.

"जिन्यात मधेच थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, बल्ब बघतोय, चालू आहे का. रोज तोच बल्ब. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, फायनल होऊ दे. मी म्हटलं, बरं." त्या थांबल्या. "बरं म्हटलं मी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढी वर्षं प्रत्येक गोष्टीवर भांडले. आणि त्याच्यावर म्हटलं, बरं."

मी म्हणाले, "तुम्हाला कुठे माहीत होतं…"

"तुम्हाला तरी कुठे होतं?" त्या म्हणाल्या. पण लगेच मान हलवली. "नाय, पण खरं सांगू? तुमचा राग आला मला. आता, ऐकताना. खोटं कशाला बोलू. जाईल की नाय ते माहीत नाय."

"येऊ दे," मी म्हणाले.

"चहा प्या. थंड होतोय."

मी तो थंड चहा प्यायले. मग त्यांनी विचारलं, "त्यांनी तुमच्याकडे बघितलं म्हणालात. कसं बघितलं?"

हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. मदत मागत होते का, मला वाजवायला सांगत होते का, की उलट, थांबा म्हणत होते… मी खरं तेच सांगितलं. "नेहमीसारखं बघितलं, भाभी. सामना चालू असताना मधे मधे बघायचे तसं. किती राहिले, हे विचारायला."

"म्हणजे घड्याळ बघत होते," भाभी म्हणाल्या. त्यांना हसू आलं, आणि ते हसू पूर्ण व्हायच्या आत मोडलं. मी उठून त्यांच्याजवळ बसले. युसूफभाई घड्याळ बघत होते की मला, हे मला आजही माहीत नाही.

निघताना त्यांनी आतून निळी पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. "मुलगा म्हणतो फेकून दे. फेकवत नाय. घरात ठेवून तरी काय करू? तिकडेच राहू दे तिला."

गेल्या शुक्रवारी तो थांबलेला सामना पुरा करायचं ठरलं. नवा सामना नव्हे, तोच. नियमाप्रमाणे जिथे थांबला तिथून, त्याच गुणांवर, त्याच वेळेपासून. गुणपत्रक माझ्याकडेच होतं. मी लवकर पोचले. मैदान पुसून झालं होतं, दोन्ही संघांची मुलं हलकं धावत होती, कुणी फार बोलत नव्हतं. रॅमनने पंचाचा शर्ट घातला होता. तो चेंडू तपासत होता, पण पोलांकडे गेला नव्हता. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतः गेले. उजवीकडच्या पोलाच्या गादीवर हात ठेवायला मला थोडा वेळ लागला. मग दाबून बघितली. घट्ट होती. चाकांच्या कुलुपांना लाथ घालायची ती माझ्या चपलेने नीट बसली नाही, म्हणून वाकून हाताने ओढून बघितली. चारही. मग डावीकडची चार. मुलं धावायची थांबून बघत होती. त्यातल्या एकाची नखं वाढलेली दिसली. मी त्याला बोलावून पिशवीतलं नेलकटर दिलं, आणि तो मुकाट्याने टेबलाशी वाकून नखं कापू लागला.

मी जागेवर येऊन बसले आणि कुणी सांगायच्या आत हॉर्न दाबला. हॉल दणाणला. रॅमन धावत आला. "मॅडम, प्रॉब्लेम?"

"नाही. वाजतोय का बघितलं."

तो उभाच राहिला. त्याने पिशवीकडे बघितलं. मी त्याला इंग्रजीत म्हणाले की आज मला काही दिसलं, तर चेंडू जिवंत असला तरी मी वाजवणार आहे, त्याला आधीच सांगून ठेवते आहे. ते नियमात बसत नाही हे मला माहीत आहे.

"कुणाचा डाव मोडेल," रॅमन म्हणाला.

"मोडेल."

"लोक मला शिव्या देतील. तुम्हाला नाही, मला." मग टेबलावरच्या खजुरांच्या डब्यातून, जो मीच हुफूफहून मागवून आणला होता, त्याने एक खजूर उचलला आणि तोंडात टाकला. "वाजवा," तो म्हणाला आणि रेषेकडे गेला.

मी घड्याळ चार पंचवीसवर लावलं. ते आकडे लाल दिव्यांत वर उभे राहिले आणि हॉलमधल्या सगळ्यांनी एकदा मान वर करून बघितलं. रॅमनने बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात चेंडू दिला. आत फेकलेला चेंडू मैदानातल्या खेळाडूच्या हाताला लागला की घड्याळ सुरू करायचं असतं, त्याच्या आधी नाही. मुलाने इकडे तिकडे बघितलं आणि चेंडू फेकला. मी उजवीकडच्या पोलाकडे बघितलं, गादीपाशी कुणी नव्हतं. चेंडू हाताला लागला. मी बटण दाबलं, आणि चार चोवीस झाले.